पाठ पलीकडे करून

परवा गच्चीला डांबर लावत होते. तो वास आला आणि मी थेट पंचावन्न सालच्या दुधनाकाठी पोचलो.

हैदराबादला कॉलेजात मी बोट क्लबात शिरलो होतो. अभ्यासात चमकण्याची आशा नव्हतीच. तिथं शर्यतीसाठी निवड झाली, म्हणून गावची सुट्टी अर्धी टाकून निघालो. परतूरचं स्टेशन गाठायला नदी ओलांडावी लागे. काठावर वडील, म्हणजे अण्णा, आडवे आले.

"नाव हाकायला कॉलेज लागतं का रे? ही नदी स्वतः पार कर, मंग जा. न्हाई तर उद्यापासून दुकानात बस."

नावाडी सखारामकाका हात बांधून बसले. शिकवल्याप्रमाणे मी पलीकडच्या काठाकडे पाठ करून वल्ही धरली.

"जायचं तिकडं अन् बघून राह्यला घराकडं?" अण्णा म्हणाले. काठावरचे सगळे हसले.

शर्यतीची हलकी बोट कुठं आणि ही डांबर थापलेली म्हैस कुठं. नाव दोनदा गरकन फिरली आणि धारेला लागली. अण्णा काठाकाठानं सोबत चालत होते. पुढं तर धोतरासकट गुडघाभर पाण्यात उतरले. माझी फजिती जवळून बघायची असणार, असं वाटून मी रागानं वल्हवत सुटलो आणि पलीकडच्या चिखलात रुतलो.

शर्यतीत आम्ही शेवटचे आलो, ते असो.

नंतर माझी मुलगी शिकायला बाहेरगावी निघायची, तेव्हा सुटलेल्या एसटीबरोबर मीही चार पावलं चालायचो.

अण्णांना पोहता येत नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.