पाय भिजवून जा

लग्नाच्या पहिल्या वर्षी हे मुंबईहून रजेवर आले, तेव्हा बैलगाडी जोडून आम्ही पूर्णगडच्या किनाऱ्यावर गेलो. मी लांज्याकडची; समुद्र प्रथमच पाहत होते. काकडी चिरायला घेतली तोच आरडाओरडा झाला. आंघोळीला उतरलेला कुणी परगावचा माणूस बुडाला होता. खारव्यांनी होडी घालून त्याला बाहेर काढलं, पण जीव गेला होता. मला समुद्राचा रागच आला. शिदोरी तशीच बांधून मी गाडीकडे निघाले.

वाळूवर मासळी सुकत घालणारी एक म्हातारी आडवी आली. लुगड्याला हात पुसून तिने माझं मनगट धरलं.

"बाय, आज अशी भिऊन गेलीस तर परत येनार नाय. पाय भिजवून जा."

तिने मला पाण्यात नेलं. पायांखालची वाळू सरकली आणि मला चक्क हसू आलं.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" मी विचारलं.

पुढची लाट आली, तशी तिची बोटं माझ्या मनगटात रुतली.

आता मुलांना मी तिथेच नेते. "आई, हात दुखतोय, सोड ना!" म्हणून ती लाटेत हसत ओरडतात. मी काही सोडत नाही.