ओंजळ आधी का लोटा आधी

तोगरवाडीचं जुनं दगडी स्टेशन गावाची बैठक झालं ते गुंडाप्पामुळं. हे अख्खं गाव म्हणायचं, आणि गावाच्या आधी स्वतः गुंडाप्पा म्हणायचा. माणूस वाईट नव्हता हो. पण स्वतःच्या चांगुलपणावर त्याचा भारी जीव.

धनगराचं पोर. बापाची मेंढरं सोडून निजामाच्या रेल्वेत पाणीवाला म्हणून लागलं. फलाटावरच्या कडुलिंबाखाली एक दगडी ओटा होता, त्याला दोन खळगे, खळग्यांत दोन रांजण. एकावर पाटी 'हिंदू पाणी', दुसऱ्यावर 'मुस्लिम पाणी'. हिंदूंच्या रांजणावर गुंडाप्पा. आणि पुढं छप्पन्नच्या धर्मांतरानंतर ज्या वस्तीला गाव बौद्धवाडा म्हणायला लागलं, तिथल्या माणसांना? त्यांना कुठलाच रांजण नव्हता. त्यांनी कठड्याबाहेर उभं राहायचं, वाकून ओंजळ धरायची, आणि गुंडाप्पानं लोटा खांद्यापर्यंत वर नेऊन वरून धार सोडायची. लोटा ओंजळीला लागायला नको, शिंतोडा उलटा यायला नको. यात त्याचा हात असा बसला होता की खाली थेंब पडायचा नाही. स्टेशनमास्तरसुद्धा वाखाणायचे. काय वाखाणायची गोष्ट!

पुढं निजाम गेला, पाट्या पुसल्या गेल्या, मुलूख म्हैसूर राज्यात गेला, फलाटावर नळ आला. गुंडाप्पा पोर्टर झाला आणि पितळी लोटा घरच्या फडताळात जाऊन बसला. बौद्धवाड्यातला बळीराम त्याच रुळांवर गँगमन होता. दोघं एका वयाचे. एकाच चंचीतली तंबाखू खायचे, एकमेकांच्या साहेबांना शिव्या द्यायचे. बळीरामनं दीक्षा घेतली तेव्हा गुंडाप्पा पारावर बसून चार जणांना ऐकवून आला होता, "बरं केला त्यानं. मी तर आधीपासून काही पाळत न्हाई." कुणी विचारलं नव्हतं, तरी.

मग नदीवर नवा पूल झाला, रूळ सरकले, स्टेशन मैलभर पुढं गेलं. जुन्या इमारतीत शेळ्या बसायला लागल्या. दोघं निवृत्त झाले त्या सुमारास गुंडाप्पाच्या डोक्यात शिरलं की ही जागा गावाला बसायउठायला करायची. रेल्वेच्या साहेबांच्या मागं लागून लागून त्यानं त्यांना वीट आणला, तेव्हा कुठं त्यांनी वापरायची परवानगी दिली.

आणि पठ्ठ्यानं काम मात्र झकास करून घेतलं. तिकिटाच्या खिडकीतून वर्तमानपत्रं मिळायला लागली. पार्सलाच्या खोलीत बायकांचं भजन. शहाबादी फरशी उखडून पुन्हा समतल बसवली. रुळाचा तुकडा टांगलेला होता तो तसाच ठेवला, तो वाजला की गावानं जमायचं. मुसाफिरांच्या हॉलमधली सागवानी लांब बाकं सगळी रुळाकडं तोंड करून होती. गुंडाप्पानं ती फिरवून समोरासमोर मांडली. "गाडी येणार न्हाई आता," तो म्हणाला, "मानसानं मानसाकडं बघावं."

राहिला पाण्याचा ओटा. गावचे पुढारी किशनराव म्हणाले, "दोन खळगे हायत तर दोन रांजण ठिवू. गर्दीला बरं पडतंय." गुंडाप्पा उसळलाच. "एकच! एका रांजणाचं पाणी, एकाच लोट्यानं समदी पितील!" आणि त्यानं स्वतःच्या हातानं दुसऱ्या खळग्यात सिमेंट ओतलं. नंतर कितीतरी दिवस जो भेटेल त्याला नेऊन तो खळगा दाखवायचा.

बळीरामला त्यानं सांगून ठेवलं, "उद्घाटनाला पहिलं पाणी तू प्यायचंस. हॉलमधल्या बाकावर बसून, समद्यांदेखत. लोटा तुझ्या हातात देतो."

"माझं कामून? किशनरावांना दे की."

"न्हाई. तूच."

यात एक गोष्ट होती. बळीरामनं जन्मभर त्या स्टेशनाचे रूळ ठोकले, पण त्या बाकावर तो कधी टेकला नव्हता. पाट्या पुसल्यावर कुणी अडवलंही नसतं, तरी नाही. गुंडाप्पाला ते ठाऊक होतं. बळीराम बाकावर बसला आणि लोटा हातात घेऊन पाणी प्याला की सगळं फिटलं, असं त्याच्या मनानं धरलं होतं. फलाटावर ज्या ओंजळीत त्यानं वरून धार सोडली होती त्यांत बळीरामची होती, बळीरामच्या बापाचीही होती. तोंडानं तो हे कधी बोलला नाही. पण सगळा खटाटोप त्यासाठीच होता.

दसऱ्याचा दिवस धरला. सकाळी बौद्धवाड्यात धम्मध्वज आणि वंदना असते म्हणून गुंडाप्पानं कार्यक्रम मुद्दाम दुपार कलल्यावर ठेवला. त्याची बायको मल्लव्वा हिनं चिंच लावून लोटा असा घासला की त्यात तोंड दिसावं. किशनरावांनी भाषण लांबवलं. बळीराम पांढरं धोतर, पांढरा सदरा घालून आला, बाकाच्या कडेला अवघडून बसला. वस्तीतली पोरं, बायका मागं उभी.

गुंडाप्पानं लोटा बुडवला, भरला, बळीरामसमोर आला. आता काय, हातात द्यायचा. एवढंच तर काम!

लोटा खांद्यापर्यंत वर गेला. मनगट वळलं. बारीक, सरळ धार सुटली आणि खाली बळीरामच्या ओंजळीत पडली. फरशीवर थेंब सांडला नाही.

लोटा निम्मा झाला तेव्हा गुंडाप्पाच्या ध्यानात आलं आपण काय करायलोय. पण हात खाली येईना. किशनराव खो खो हसले. "वा रे गुंडाप्पा! रिटायर झालास तरी हात ड्युटीवरच हाय की तुझा!" हॉल हसला. मागं वस्तीतली माणसं हसली नाहीत. त्यांतली दोन-चार पोरं बायकांना घेऊन गुपचूप बाहेर पडली. बळीरामनं उपरण्यानं तोंड पुसलं, "गार हाय पाणी," म्हणाला, आणि उठून तोही त्यांच्यामागं गेला.

तिथून गुंडाप्पा जो घरात शिरला तो बाहेर पडेना. जीव नकोसा झाला त्याला. रुळाचा तुकडा वाजला की कानावर घोंगडं ओढून घ्यायचा. कुणी बोलवायला आलं की गुडघा दुखायचा. रोज नवं दुखणं! मल्लव्वा वैतागली.

"कधीपर्यंत तोंड लपवून बसायलाव? चुकलं तर चुकलं म्हणा की."

"मी काय केलो?" तो खेकसला. "त्यानं ओंजळ धरला, मी ओतलो. त्यानंच आधी धरला. धरल्यावर काय करावं मानसानं?"

हे त्याला सापडलं आणि त्यानं ते घट्ट धरलं. ओंजळ आधी, लोटा नंतर. म्हणजे सवय बळीरामची. आपण फक्त पाणी ओतलं. भाकरी मोडताना तेच, शेळी सोडताना तेच. मल्लव्वाला त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं, "तू बघितलीस का? ओंजळ आधी का लोटा आधी?" ती म्हणायची, "मी बायकांत मागं होते, मला काय दिसतंय." मनातल्या मनात तो ते पाणी रोज पुन्हा ओतून बघायचा, आणि दर वेळी ओंजळ थोडी थोडी आधी यायला लागली. तरी झोप काही लागेना. शेवटी बळीरामच्याच तोंडून ऐकावं म्हणून एका सकाळी उठला आणि बौद्धवाड्याकडं निघाला.

बळीराम अंगणात बाज विणत बसला होता. "ये, बस," म्हणाला, जसं काही घडलंच नव्हतं. आत जाऊन तांब्या-पेला घेऊन आला, पेला भरून गुंडाप्पाच्या हातात दिला. हातात दिला, सरळ. गुंडाप्पाचे कान तापले.

"त्या दिवशीचं..." गुंडाप्पा कसंबसं म्हणाला. "बळीराम, खरं सांग. तू ओंजळ आधी धरलास ना? मनून माझा हात वर गेला. व्हय ना?"

 बळीरामनं बाजेची सुतळी ओढून गाठ मारली.

"सांग की बाबा. व्हय मन एकदा."

"कामून उकरायलास?"

"मला झोप न्हाई लागायली."

बळीरामनं सुतळी खाली ठेवली. उजवा हात पुढं केला, बोटं उघडी, काहीतरी धरायला करतात तसा.

"असा केलतो," तो म्हणाला. "एकच हात. लोटा घ्यायला. तूच सांगितलतास ना, लोटा हातात देतो मनून."

"आन् दुसरा?"

"दुसरा नंतर जोडलो. तुझा लोटा वर गेलेला बघून." त्यानं डावा हात आणून उजव्याला लावला. "मी हात तसाच ठिवलो असतो तर पाणी समदं फरशीवर सांडलं असतं. एवढ्या लोकांत तुझी लाज गेली असती. मनून जोडलो."

गुंडाप्पाची मान खाली गेली ती वर येईना. पेला हातात तसाच भरलेला होता.

"पी की," बळीराम म्हणाला. "पाणी पी."