नागू वेल्डरचा चुंबक

चौक गावात, जुन्या हायवेला लागून नागू वेल्डरचं गॅरेज आहे. बोर्ड नाही. दारात दोन-तीन मोडके टेंपो दिसले की समजायचं, आलं नागूचं संस्थान. माणसाचं तोंड फटकळ, पण हात सोन्याचा. त्याच्या दोन वस्तू पार खालापूरपर्यंत प्रसिद्ध. एक म्हणजे खिळ्याला टांगलेला काळा चष्मा. तीस वर्षं वेल्डिंग केलं, ग्राइंडर चालवला, पण तो चष्मा काही डोळ्यांवर चढला नाही.

"या डोळ्यांवर जया भाळली व्हती. ते झाकू काय?" असं तो बायकोच्या तोंडावर म्हणायचा.

"भाळले नव्हते, ठेच लागली व्हती," जया तव्यावरची भाकरी उलटता उलटता म्हणायची.

दुसरी वस्तू म्हणजे जुन्या स्पीकरातून काढलेला चुंबक. रस्त्यावर कुणाच्या डोळ्यात काही गेलं की डॉक्टरच्या आधी नागू. पापणी उलटवायची, चुंबक फिरवायचा. कण हलला तर लोखंड, नाही हलला तर धूळ. धूळ रुमालाच्या टोकानं. स्वतःच्या डोळ्यातले कण तर त्यानं आरशाच्या तुकड्यात बघून इतक्यांदा काढले की हिशेब नाही. गावाला त्याचं कौतुक, आणि त्याला त्याहून जास्त.

दिवाळीनंतर कमरेत कळ यायला लागली. गियरबॉक्स उचलला म्हणून लचक भरली असेल, असं म्हणत त्यानं महिनाभर जयाकडून तेल चोळून घेतलं. शेवटी तीच त्याला कर्जतला सोनोग्राफीला घेऊन गेली. तिथं दोन बातम्या मिळाल्या. एक, नागूला मूत्रपिंड एकच, आणि तेही जन्मापासून.

"म्हंजे छप्पन्न वर्षं एकाच बेरिंगवर गाडी पळाली!" नागू खूश होऊन म्हणाला.

डॉक्टर हसले नाहीत. दुसरी बातमी अशी, की त्या एकुलत्या एका मूत्रपिंडात सुपारीएवढी गाठ होती.

सीटी स्कॅन झाला, पण त्यातही गाठीची जात कळेना. डॉक्टरांनी कागदावर घेवड्याच्या दाण्यासारखं चित्र काढून समजावलं. गाठीत चरबी असेल तर ती बहुधा साधी. नसेल तर कॅन्सरची भीती मोठी. सीटीत चरबी दिसत नव्हती, पण थोडी असली तर एमआरआयमध्ये उमटते. "बहुतेक वेळा कळतं, प्रत्येक वेळी नाही. दोन मूत्रपिंडं असती तर फार विचार केला नसता, काढून टाकलं असतं. तुमचं हे एकच. ते गेलं तर आठवड्यातून तीनदा डायलिसिस. म्हणून आधी कळायला हवं."

परतीच्या वाटेवर नागू रिक्षात गप्प होता. नागू गप्प! चौकातल्या चहावाल्यानंसुद्धा जयाला विचारलं, "वैनी, घसा बसला का दादाचा?"

पनवेलच्या सेंटरात एमआरआयची तारीख मिळाली. आदल्या आठवड्यात नागू चार वेळा तरी म्हणाला असेल, "ते मशीन म्हंजे मोठा चुंबक. माझ्याच धंद्यातला भाऊ. सांगंल खरं." सेंटरात अर्ज भरायला दिला. प्रश्न जया वाचून दाखवत होती. हृदयात यंत्र? नाही. शरीरात स्क्रू, पट्टी? नाही. डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का?

जयानं मान वर केली.

"नाय लिही," नागू म्हणाला.

"अवो..."

"नाय लिही म्हनतो ना! हो लिवलंस तर परत धाडतील. आज कळायलाच पायजे मला."

तिनं 'नाही' लिहिलं. पेन मात्र हातातच धरून ठेवलं.

अंगावर हिरवा झगा चढवून नागू दारापर्यंत गेला. आतला मुलगा सवयीनं विचारत होता, "काका, खिशात चावी, पाना काही नाही ना? एकदा एकाची चावी हातातून उडून मशीनला चिकटली."

"तपासायच्या वेळीच चालू करता ना?"

"नाही हो, हा चुंबक कायम चालू असतो."

नागूचा पाय दारातच थांबला. दुसरा कुणी असता तर आत गेला असता. पण लोखंडाचा कण चुंबकाकडं कसा झेपावतो हे चौकात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? आणि आपल्या चुंबकाला कण बाहेर पडायला वाट असते, इथं वाट कुठली? त्यानं डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला.

"पोरा, खोटं लिवलंय मी. शंभर वेळा गेलाय कण."

त्या मुलानं रागावण्याआधी दार लावून घेतलं. मग डोळ्यांचा एक्स-रे काढला. डाव्या डोळ्यात, आत खोल, तिळाहून बारीक पांढरा ठिपका. तोंड धुऊन परत काढला. ठिपका तिथंच. एमआरआय होणार नव्हता.

"मग गाठीचं?" जयानं विचारलं.

त्याचं उत्तर कर्जतच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी दिलं. कण खोल आहे, काढायला गेलं तर डोळाच जाईल. आता सुई घालून गाठीचा तुकडा काढायचा. एकच मूत्रपिंड, रक्तस्राव झाला तर अवघड, पण दुसरा मार्ग नाही. सोमवारी या.

घरी आल्यावर दुपारी जया भात वाढून हाक मारत होती. ओ आली नाही म्हणून ती गॅरेजात आली. नागू आरशाच्या तुकड्यासमोर बसला होता. पापणी उलटवलेली, चुंबक बुबुळाला लागेल इतका जवळ. डोळा लालभडक, गालावरून पाणी वाहत होतं.

"येत नाय गं," तो म्हणाला. "हालतच नाय."

जयानं त्याच्या हातातून चुंबक काढून घेतला. तेवढ्यात शुक्रा टेंपोवाला एक डोळा मिटून आत शिरला.

"नागूमामा, बघ रं काय गेलंय. कॅन्सर-बिन्सर नाय ना डोल्याचा?" त्याला बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं. आपल्याच विनोदावर तो हसला.

जयानं चुंबक परत नागूच्या हातात दिला. नागूनं शुक्राची पापणी उलटवली, चुंबक फिरवला, मग रुमालाचं टोक.

"धूळ व्हती. जा."

शुक्रा शीळ घालत गेला. नागू कितीतरी वेळ रुमालावरचा तो ठिपका बघत बसला. "याचं कळलं बघ, एका मिंटात," तो म्हणाला.

"भात निवतोय," जया म्हणाली आणि आत गेली.

संध्याकाळी चहावाल्यानं बघितलं, तीस वर्षं खिळ्याला टांगलेला काळा चष्मा नागूनं घातला होता. तो रस्त्यापलीकडून ओरडला, "दादा, आता कुणी भाळायचं नाय रं तुझ्यावर!" नागूनं एरवी तिथल्या तिथं शिवी हासडली असती. आज मान वळवली नाही. चहावाला हसत हसत वळला, आणि मग त्याच्या लक्षात आलं, की ग्राइंडर बंदच होता.