शिकार सांगण्याची रीत

कतारमध्ये, अल रय्यानमधल्या त्या घरी मी ड्रायव्हर म्हणून लागलो तेव्हा वाटलं होतं, मुलांची शाळा, मॉल आणि विमानतळ, एवढंच आपलं जग असणार. पहिल्याच हिवाळ्यात कळलं की घरातल्या म्हाताऱ्या मालकांना शुक्रवारी पहाटे वाळवंटात न्यायचं कामही माझंच आहे. आम्ही नोकरमाणसं त्यांना बाबा म्हणायचो. बाबा माझ्या शेजारी बसत. मागच्या सीटसमोर लाकडाचा एक अड्डा, म्हणजे पक्ष्यानं बसायचा दांडा, रोवलेला असे आणि त्यावर डोळ्यांवर चामड्याची टोपी घातलेली त्यांची बहिरी ससाण्याची मादी. मी माणदेशातला. ससाणा म्हणजे लहानपणी भर दुपारी आभाळात दिसणारा एक ठिपका. इथं तो माझ्या मानेमागे बसून प्रवास करत होता. ब्रेक जरा जोरात लागला की ती तोल सावरायला पंख उघडायची आणि त्याचा वारा माझ्या कानाला लागायचा.

हिवाळ्यात तिकडचं वाळवंट वाळूचं वाटतच नाही. खडे पसरलेला सपाट माळ, मध्येच एखादा खोलगट भाग, तिथं पावसाचं पाणी साचून उगवलेली खुरटी झुडपं आणि एखादं बोरीचं झाड. आम्ही जायचो ते करवानच्या शिकारीला. हा मातकट रंगाचा, मोठ्या पिवळ्या डोळ्यांचा पक्षी. बाबांनी ते नाव पहिल्यांदा घेतलं तेव्हा मी दचकलो. आमच्या माळावर याच पक्ष्याला करवानक म्हणतात. क्षणभर वाटलं, बाबा माझ्याशी मराठीत बोलले.

शिकार झाली की बाबांच्या काही गोष्टी ठरलेल्या असत. अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवायची. पहिला घास काळजाचा, तो ससाण्याला. तिचं खाणं झालं, तिच्या डोळ्यांवर टोपी चढली, की बाबा तिथंच जमिनीवर मांडी घालून गप्प बसत. आजूबाजूला पडलेली पिसं वाऱ्यानं उडून जाईपर्यंत उठत नसत. वारा पडलेला असला तर आम्ही बराच वेळ तसेच बसून राहायचो. मला ते आवडायचं. गाव, घर, मीटरवरचा वेग, सगळं कुठंतरी लांब राहायचं.

त्यांची आणखी एक रीत होती. शिकारीला हजर नसलेल्या कुणाला तरी ती सांगितल्याशिवाय गहवा प्यायचा नाही. वेलदोडा घातलेल्या त्या कडू कॉफीचा थर्मास गाडीत भरलेला असायचा, पण त्याला कुणाचा हात लागत नसे.

"सगळे शिकारी असं करतात?" मी एकदा विचारलं.

"छे," बाबा म्हणाले. "हे आमच्या दोघांपुरतं होतं."

दोघं म्हणजे ते आणि समुद्रकाठच्या समैस्मा गावात राहणारा त्यांचा बालपणीचा मित्र. शिकार दोघांनी करायची, पण सांगायची मित्रानं, त्याच्या घरच्या ओसरीत बसून, त्याच्या बायकोला. तिनं ऐकायचं आणि मग कप भरायचे. मी नोकरीला लागण्याआधीच तो मित्र वारला होता. तेव्हापासून बाबा एकटेच समैस्माला जात आणि मित्राच्या जागी बसून शिकार सांगत. मी बाहेर गाडीपाशी थांबायचो.

मग एका हिवाळ्यात बाबांची नजर गेली. काचबिंदू. आधी बाजूचं दिसेना, नंतर समोरचंही धूसर झालं. मुलं म्हणाली, आता शिकार पुरे. बाबा म्हणाले, "माझे डोळे गेलेत. हिचे आहेत ना?" आणि ससाण्याच्या पाठीवरून बोटं फिरवत राहिले.

त्यानंतरच्या शुक्रवारी आम्ही निघालो तेव्हा धुकं पडलं होतं. कतारला हिवाळ्यात कधी कधी असं धुकं उतरतं की दिव्यांचे खांब अर्धेच उरतात आणि रस्ता गाडीच्या नाकापुढं संपतो. डांबरी सोडून माळावर आलो तेव्हा जमीन कुठली आणि आभाळ कुठलं ते कळत नव्हतं. मी इंजिन बंद केलं. थोड्या वेळानं वरच्या बाजूनं दुधात हळद पडावी तसा उजेड पसरायला लागला आणि जवळपासचं धुकं जरा विरळ झालं.

"काय दिसतंय?" बाबांनी विचारलं. आमचं बोलणं अर्धं अरबी, अर्धं हिंदी असं चालायचं.

"बोरीचं झाड दिसतंय, बाबा. त्याच्या खाली काहीतरी हललं. एक करवान आहे."

खाली उतरून त्यांनी ससाण्याला हातमोज्यावर घेतलं, तिच्या टोपीचा दोरा दातांनी ओढला, हात उंच केला. ती गेली. मी बोलत राहिलो. जमिनीला लागून चाललीय. पक्षी उठला. डावीकडे वळला. तीही वळली. वर गेली, खूप वर. बाबा मान उंचावून ऐकत होते, ओठ किंचित उघडे, जणू माझे शब्दच त्यांना वर दिसत होते. मग दोघंही धुक्यात शिरले आणि मला काही दिसेना.

"पुढं?"

"दिसत नाही, बाबा."

ससाण्याच्या शेपटीला बारीकसा ट्रान्समीटर बांधलेला असतो. त्याच्या यंत्राची टिकटिक ऐकत आम्ही चालत निघालो. बाबांचा हात माझ्या खांद्यावर होता. खड्यांवरून आमची पावलं वाजत होती आणि चहूबाजूंना नुसतं पांढरं. किती चाललो कोण जाणे. मग अगदी पायापाशी ती दिसली. पंख पसरून, शिकार त्यांच्याखाली झाकून बसलेली. माझ्याकडे तिनं असं पाहिलं की मी जागीच थांबलो.

बाबा गुडघ्यांवर बसले. बोटांनी चाचपत त्यांनी पक्ष्याची मान शोधली, नाव घेतलं, सुरी फिरवली. काळीज काढून तिच्यापुढं धरलं. हे सगळं त्यांनी डोळे मिटून केलं. बहुधा मिटल्यावर त्यांना जास्त दिसत असावं. नंतर आम्ही बसलो. वारा नव्हता. पिसं आमच्याभोवती तशीच पडून होती. बाबा मला अधूनमधून विचारायचे, "गेली का?" आणि मी म्हणायचो, "नाही अजून." शेवटी धुकं वितळलं, वारा सुटला आणि पिसं एकेक करून निघून गेली.

समैस्माला पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. बाबांना धरून आत न्यावं लागलं, म्हणून मीही ओसरीपर्यंत गेलो. त्यांच्या मित्राची बायको समुद्राकडं तोंड करून बसली होती. जुन्या बायका घालतात तसा चेहऱ्यावर सोनेरी चकाकीचा मुखवटा, आणि त्यातून दिसणारे हसरे डोळे. इकडं नोकरमाणसं घरच्या मोठ्या बाईला मामा म्हणतात. सुरुवातीला तो शब्द माझ्या तोंडातून निघतच नसे. माझे मामा मिशीवाले, पैलवान. आता सवय झाली होती.

मी दारातून मागं फिरणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "बस. आज मी सांगू शकत नाही. मी पाहिलं नाही. यानं पाहिलंय."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. "मग तू सांग."

माझे कान तापले. मी चटईच्या कडेला टेकलो आणि सुरुवात केली. धुकं सांगितलं, बोर सांगितली. पक्षी कसा वळला त्याला शब्द सुचेना, तर हातानं दाखवलं. हिंदीत शिरलो, हिंदी संपली तेव्हा मराठीत बोलून गेलो. बाई मान डोलवत होत्या. पहिल्यांदाच कुणी माझं बोलणं इतकं मन लावून ऐकत होतं, आणि मला ते थांबवू नये असं वाटत होतं. ती वर गेली, खूप वर, इथपर्यंत आलो आणि पुढचं वाक्य जिभेवर तयार होतं. ती विजेसारखी खाली आली, असं म्हटलं असतं तर कोण नाही म्हणणार होतं? पण बाबा शेजारी डोळे मिटून बसले होते.

"इथून पुढं मला दिसलं नाही, मामा," मी म्हणालो. "धुकं होतं."

मग बाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की मुखवटा हातानं धरावा लागला.

"त्यांना दिसलं नाही असं कधीच काही नसायचं," त्या आपल्या नवऱ्याबद्दल म्हणाल्या. "धुकं असो, वाळूचं वादळ असो, शेवटची झडप त्यांना दिसायचीच. दर वेळी वेगळी. मी कधी बोलले नाही."

बाबांनी डोळे उघडले. "तुला माहीत होतं?"

"तुम्ही शेजारी बसून दाढी खाजवायला लागलात की मला कळायचं."

बाबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, पण ते हसत होते, आणि हसता हसता डोळे पुसत होते. "तो खोटारडा," ते म्हणाले, "माझ्यापेक्षा छान सांगायचा." बाईंनी कप भरले. तिसरा कप माझ्यापुढं ठेवला. मी बाबांकडं पाहिलं, पण ते समुद्राच्या आवाजाकडं तोंड करून बसले होते, आणि खूप लांब कुठंतरी होते.

त्यानंतर बाबा फार वेळा गेले नाहीत. ससाण्याची मादी त्यांनी पुतण्याला दिली. पुतण्या शिकारीला जाताना मला बरोबर नेतो. दुपारी परत आलो की मी बाबांच्या बैठकीत जाऊन बसतो. ते असलं काही विचारतात, जे मी बघायला विसरलेलो असतो. वारा कुठल्या अंगाचा होता? बोरीला फळ धरलंय का? आता गाडी चालवतानाही माझी नजर आजूबाजूला फिरत असते.

मागच्या शुक्रवारी आम्ही रिकाम्या हातानं आलो. माळभर फिरलो, एकही पक्षी उठला नाही. मी दारातूनच म्हणालो, "आज काही नाही, बाबा."

"तरी सांग," ते म्हणाले.

मी आत जाऊन बसलो. पहाटे पाऊस शिंपडून गेला होता, त्यानं खडे काळे दिसत होते. एका कोल्ह्याच्या पावलांची रेघ सरळ जाऊन एकाएकी संपली होती, पुढं काहीच नाही. उंटांचा एक कळप क्षितिजावर इतका हळू चालला होता की उभाच आहे असं वाटावं. मी सांगत असतानाच बाबांची मान छातीवर कलली, हलकं घोरणं ऐकू आलं. मी लगेच थांबलो नाही. उंट दिसेनासे झाले तिथपर्यंत सांगितलं, मग हळूच उठलो आणि दार ओढून घेतलं.