दसऱ्यानंतरची यादी आणि मायचा अंगठा

माझ्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने एक कागद चिकटवलेला असतो. वर्षातून तीनदा तो बदलतो. मी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे कागद, पट्टी आणि लाल पेन यांची घरात टंचाई नसते. यादी केल्याशिवाय मला चैन पडत नाही, हे घरच्यांनी केव्हाच मान्य केलं आहे.

त्यातला सगळ्यात महत्त्वाचा कागद दसऱ्यानंतरचा. दसऱ्याला आम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. दोन दिवस ऊन, रांग आणि पायपीट. तेलंगणात, इचोड्याला आमच्या घरी परत येतो तेव्हा नाकाचे शेंडे भाजलेले आणि टाचा फुटलेल्या असतात. त्याच सुमाराला आमच्याकडची हवा पालटते. दुपारी पंखा लागतोच, पण सकाळी आंघोळीनंतर हातावर नखाने रेघ ओढली तर ती पांढरी उमटते. ती रेघ दिसली की मी कागद बदलते.

यादी मोठी नाही. उन्हाळ्यातला फेसाळ साबण बंद, तेलकट साबण सुरू. पाणी कोमट, कढत पाण्याने बरं वाटतं, पण कातडी वाळते. तेल आंघोळीच्या आधी, आणि ग्लिसरीन-गुलाबपाणी अंग पुरतं कोरडं व्हायच्या आत. टाचांना रात्री पेट्रोलियम जेली आणि जुने मोजे. नवऱ्याच्या नावापुढे 'कोपरं', मुलीच्या नावापुढे 'ओठ चाटू नये'. दोघंही हसतात, पण थंडीत माझ्या घरात कुणाची कातडी तडकत नाही.

या यादीत माझी आई कधीच नव्हती. ती नार्नूरजवळच्या गावात एकटी राहते. वडील गेले तेव्हापासून भाऊ मंचेरियलला चल म्हणतो, मी इचोड्याला चल म्हणते, आणि ती दोघांनाही चहा पाजून परत पाठवते. दसऱ्यानंतर ती शेजारणींबरोबर कापूस वेचायला जाते. आता गरज नाही, पण गप्पा तिथेच होतात, असं तिचं म्हणणं. बोंडाची वाळलेली टोकं बोटांत टोचतात, नखांच्या कडा फाटतात, आणि झाडाचा काळपट डाग बोटांवर बसतो तो उन्हाळ्यापर्यंत.

गेल्या वर्षी, कापूस फुटलेला असताना, तिचा फोन आला.

"अंगठा घेत नाही वं बाई मशीन."

रेशन दुकानात कार्डावरच्या प्रत्येकाच्या अंगठ्याची पडताळणी चालली होती. दुकानदाराने तिची दहाही बोटं लावून पाहिली. डोळ्यांवरून ओळखणारं यंत्र त्याच्याकडे नव्हतं. महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर कार्ड बंद होईल, नाव मुलीच्या कार्डात घाला, असं त्याने सुचवलं होतं.

"मग घालू की माय. त्यात काय?" मी वह्या तपासता तपासता म्हणाले.

पलीकडे तिचा आवाज चढला.

"त्यात काय? आज नाव आलं तुह्याकडे, उद्या मी येईन. माही चूल येगळी हाय. ते कार्ड हाय तवर हाय."

मी पेन खाली ठेवलं. भाऊ आणि मी तिला इतकी वर्षं जे सांगत होतो, ते आता एका यंत्राने सांगितल्यासारखं झालं होतं. आणि माझ्या 'त्यात काय'ने मी त्याच्या बाजूला जाऊन बसले होते. महिना संपायला जवळजवळ चार आठवडे होते. मी नवा कागद घेतला.

शनिवारी दुपारच्या बसने गेले. आईला वाचता येत नाही, म्हणून यादी चित्रांची केली: सूर्य उगवताना तेलाची बाटली, कापसाच्या बोंडाशेजारी चिंधी गुंडाळलेलं बोट, चंद्राशेजारी डबी. चुलीजवळच्या भिंतीवर मी ती लावली. आईने पुढून पाहिली, बाजूने पाहिली.

"हे काय, कोंबडी काढली का?"

"बोंड आहे ते."

"पोरायले बी असंच शिकवतं? मंग पोरायचं कल्याणच हाय."

वेचणी बंद करायला ती तयार नव्हती. अंगठा आणि पहिल्या दोन बोटांना चिंधी बांधून वेचायचं, यावर तडजोड झाली. ग्लिसरीनला तिने नाक मुरडलं. तिचा विश्वास मोहाच्या बियांच्या तेलावर, जे थंडीत तुपासारखं थिजतं. ते तेल चांगलंच असतं, म्हणून मी चित्रातल्या बाटलीवर मोहाचं पान काढून दिलं. तिने ते ओळखलं.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघी दुकानात गेलो. निघण्याआधी मी तिच्या अंगठ्याला जेलीचा जाड थर दिला. ऐन वेळी कोरडा पडायला नको, हा माझा विचार. यंत्राच्या काचेवर अंगठा घसरला आणि काच धूसर झाली. दुकानदाराने खांद्यावरच्या टॉवेलने ती पुसली आणि माझ्याकडे पाहिलं.

"टीचर, ये मशीन है, चपाती नै."

रांगेतल्या बाया हसल्या. आईसुद्धा हसली. अंगठा साबणाने धुऊन पुन्हा लावला, तरी लाल दिवाच. दोष जेलीचा, असं मी ठरवलं आणि यादीत दुरुस्ती केली: दुकानाच्या दिवशी काहीही लावायचं नाही.

त्याच्या पुढच्या शनिवारी तिचे हात मलाच ओळखू आले नाहीत. भेगा मिटलेल्या, तळवा मऊ. इतका चांगला निकाल माझ्या वर्गाचाही लागत नाही. मी रांगेत ताठ उभी होते. आणि लाल दिवा लागला. तीनदा.

मी तिचा अंगठा उजेडात धरला. तळव्यावर रेषा नीट दिसत होत्या. अंगठ्याचं टोक मात्र पळीच्या पाठीसारखं गुळगुळीत आणि चकचकीत होतं.

"माय, सकाळी काय केलं?"

"तुह्या कागदात होतं ते सगळं केलं."

"आणखी?"

"आणखी काय? हात घासले."

"कशाने?"

"इटकरीनं. नाहीतर डाग निघते का तो?"

वीटकरीने. विटेच्या तुकड्याने, राख लावून. घरी येऊन मी सगळं विचारून घेतलं. फोन केला त्या दिवशीही ती घासून गेली होती, आणि माझ्याबरोबर आली त्या शनिवारीही, मी बसमधून उतरायच्या आधीच. मी आठवडाभर कातडी सांधायचे आणि ती दुकानाच्या दिवशी सकाळी अंगठ्यावरच्या रेषा पुसून टाकायची.

मी चिडले. शिक्षिका चिडते तशी, मोठ्याने आणि मुद्द्यांसकट. ती चुलीत काडी सारत ऐकत राहिली. मग म्हणाली, "तू पोटात होतीस तवाची गोष्ट हाय. कागदावर अंगठा लावाचा होता. कारकुनानं शाईचा डबा पट्टीनं सरकवला माह्याकडे. बाकीच्यायचा अंगठा तो हातानं धरून लावत होता. माहा नाही धरला. म्हणे, हात पाह्य आपले. माहे हात कापसाचे होते. मले मालूम होतं तो हातासाठी नाही म्हणत. पण तवापासून सरकारी कामाले मी काळा हात घेऊन गेली नाही."

मी तिच्याकडून काडी घेतली आणि चुलीत सारली.

मग मी म्हणाले, "माय, आता त्या यंत्राला डाग दिसत नाही. रेषा दिसतात."

"मशीनले नाही दिसत. रांगेतल्या लोकायले दिसते."

"एकदा दिसू दे."

ती हो म्हणाली नाही. मी कागदावर एक वीट काढली आणि तिच्यावर लाल फुली मारली. "हे बरोबर जमलं तुले," ती म्हणाली.

महिन्याचा शेवटचा शनिवार आला. मी घरात शिरताच आधी तिचा हात पाहिला. डाग होता, नखांच्या कडांना गडद, अंगठ्यावर फिकट. रांगेत ती पूर्ण वेळ हात पदराखाली धरून उभी होती. नंबर आला तेव्हा तिने हात बाहेर काढला, पण अंगठा काचेच्या अलीकडेच थांबला.

"पेट्टु, अम्मा," दुकानदार म्हणाला, ठेव अम्मा. तिने टेकवला. लाल.

"मळ्ळी पेट्टु. थोडा दबाके." आणि पुन्हा ठेव म्हणता म्हणता त्याने, मागच्या रांगेकडे बघत, तिचा अंगठा आपल्या दोन बोटांत धरला, सरळ केला आणि काचेवर दाबला. दिवा हिरवा झाला. यंत्रातून चिठ्ठी बाहेर आली.

"हो गया अम्मा. नेक्स्ट."

आई बाजूला झाली. चिठ्ठी मी घेतली, कारण ती अजून आपल्या अंगठ्याकडे बघत होती.

"धरला त्यानं," ती म्हणाली.

"हो."

"पाह्यलं बी नाही त्यानं."

तांदळाची पिशवी दोघींनी दोन कानांना धरून आणली. दारात आल्यावर मी आत जाऊन चुलीला हात घालणार, तेवढ्यात तिने मला अडवलं.

"तू बस. पाहुणी हायस माह्या घरी. जेवून जाय."

मी बसले. भात शिजेपर्यंत काही काम नव्हतं, म्हणून पुढच्या कागदासाठी ओळी मनात जुळवत होते. आता कपाटाच्या दारावर आईच्या नावाची वेगळी ओळ आहे: मोहाचं तेल, चिंधी, वीटकर फक्त टाचांना. तिच्या भिंतीवरच्या कागदात मात्र मी तिथेच दुरुस्ती केली. विटेवरची फुली तशीच ठेवली आणि शेजारी एक दुसरी वीट काढली, फुलीशिवाय, खाली पाऊल.

"आता हे पाय हाय का कोंबडी?" तिने विचारलं.

"पाय."

"मंग ठीक," म्हणत तिने भाताखालचा जाळ कमी केला.