मामांचा विडा

राजूरचे पानवाले मामा जन्मात कधी कबड्डी खेळले नाहीत, पण कबड्डी पाहावी तर त्यांनीच. रविवारी ऊन उतरलं की ते ठेला बंद करत, आतल्या बुद्धाच्या तसबिरीला हात जोडत आणि पानाचा डबा मांडीवर घेऊन मैदानाच्या कडेच्या निंबाखाली बसत. बसले की बसले. एकदा खाणीत असा सुरुंग उडाला की पार वणीतल्या बायांची भांडी फळीवरून खाली आली. मामांची पापणीही लवली नाही. कारण त्या वेळी सुदामची चढाई चालू होती.

पाहा, आलंच सुदामचं नाव पहिल्या परिच्छेदात. तेव्हाही असंच व्हायचं.

सामना संपला की मामा डबा उघडत, एक विडा लावत आणि कोणातरी एका गड्याला बोलावून त्याच्या हातात ठेवत. एकालाच. तो जिंकलेल्या बाजूचाच असला पाहिजे, असं काही नाही. त्याचं काय आवडलं, हेही सांगत नसत. कोणी विचारलंच तर म्हणत, "डोयानं पाह्यलं ते तोंडानं कायले सांगू?" पण तो विडा चघळत गडी खाणीच्या वस्तीतून निघाला की त्याची चाल अशी होई, की समोरून येणारा साहेबसुद्धा सायकलवरून उतरून वाट देई.

मी कोळशाच्या वजनकाट्यावर कामाला होतो, आणि मी स्वतः त्यावर उभा राहिलो तर काटा आधी थोडा विचार करी. चढाईला गेलो की तीन-तीन गडी अंगाला लटकवून परत यायचो. एकदा तर समोरचा अख्खा संघ, त्यांचा पंच आणि मधली रेघसुद्धा माझ्याबरोबर आमच्या बाजूला आली. विडा कोणाला? सुदामला. सुदाम म्हणजे खाली खाणीत उतरणारा, आगपेटीतल्या काडीएवढा गडी. मांजर चुलीपाशी शिरावं तसा शिरायचा, एकाला बोट लावायचा आणि परत. धूळही उडत नसे. त्यात पाहण्यासारखं काय होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

सोमवारी सकाळी मी ठेल्यावर हजर.

"मामा, काल सुदामले लावला, तसाच लावा."

मामा निमूट तसाच लावत. तोच चुना, तोच कात, तीच बडीशेप. मग हात पुढे करत, "पैसे दे."

"त्याले तं फुकट देल्ला."

"त्यानं मांगतला नव्हता."

मी तो विडा चघळायचो. पालापाचोळा, दुसरं काही नाही.

मग वणीचा संघ आमच्याकडे खेळायला आला. शेवटच्या चढाईत मी तीन गडी मारून सामना जिंकून दिला. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. त्यातले दोघे अजून कंबर धरून चालतात. खांद्यावरून मी पाहतो तर मामांचा हात पुढे झालेला आणि त्या हातासमोर सुदाम. अर्धा सामना बाद होऊन बाहेर बसलेला सुदाम. मी तसाच खाली उडी मारून निंबाखाली गेलो.

"मामा, काहून? आज सांगाच."

मामा ओल्या फडक्याने पानं पुसत होते. "तीन गडी मारले तुनं. चांगले मारले. पण रेघेवर येता येता कोणाकडं पाहून राह्यला होता?"

मी अंगावरची धूळ झटकू लागलो.

"माह्याकडं. अबे, मी तुले पाहाले येतो. तू मलेच पाहून राह्यला, तं मी काय पाहू? माहंच थोबाड?"

"अन् सुदाम पाहत नाही?"

"त्याले मी हाओ का मेलो, मालूमही नसते."

त्यानंतर मी त्यांच्याकडे न पाहण्याचा असा जंगी प्रयत्न केला, की मानेत लचक भरली. शेवटी नजर जायचीच. तेवढ्यात मामांची लेक महागावाहून त्यांना न्यायला आली. या वयात एकटं राहू देणार नाही म्हणाली. ठेला विकला गेला. निघायच्या रविवारी मामा वळकटीवर बसून निंबाखालीच होते. एसटी तिथूनच जायची. "गाडी आली का मी चढन," ते म्हणाले. "खेय थांबवसान तं मले पाप लागन."

गडी कमी होते, म्हणून आम्ही आपसातच दोन बाजू केल्या. सुदाम समोर. मांजरासारखा आला, बोट लावून वळला, आणि मी त्याचा घोटा धरला. काय दम होता लेकाचा! पोटावर सरपटत रेघेकडे निघाला, मला ओढत. मी त्याच्या पाठीवर पडलो. मातीतून "कबड्डी, कबड्डी" ऐकू येत राहिलं. त्या वेळी माझ्या लेखी राजूर नव्हतं, निंब नव्हता, मामा नव्हते. एक घोटा होता फक्त.

अखेर त्याचा दम तुटला. मी मान वर केली. निंबाखाली कोणी नव्हतं. सडकेवर गाडीची धूळ होती.

"सुदाम, मामा कव्हा गेले?"

"आत्ता तं गाडी हालली. आवाज आला."

"त्याईनं पकड पाह्यली का?"

"मले काय मालूम, बाप्पा. माहं तोंड तं तुनं मातीत दाबून ठेवलं होतं."

मी त्याला उठवलं आणि आपल्या बनियनने त्याचं तोंड पुसलं. माती निघाली. खाली ओठ होते, मागल्या रविवारच्या विड्याने अजून लाल.