थकबाकी आणि रोजचा फोन

निवृत्तीनंतर बऱ्याच केसेस धूसर झाल्या. यिशुन भागात राहणाऱ्या त्या इंजिनिअरची केस मात्र अजून स्पष्ट आठवते.

सिंगापूर पोलिसांत मी, तिथेच वाढलेला मराठी माणूस, आर्थिक फसवणुकीचे गुन्हे तपासत असे. खबर एका बँकेतून आली. एक ग्राहक अनोळखी माणसाच्या खात्यात पैसे भरायचा हट्ट धरून बसला होता, कुणाचं ऐकत नव्हता.

तो पुण्याचा, पंचेचाळिशीचा. बायको आणि मुलगी शाळेसाठी पुण्याला परतल्या होत्या. हा भाड्याच्या खोलीत एकटा. दोन घरं चालवताना क्रेडिट कार्डांवर थकबाकी साचली. ती सगळी एका कमी व्याजाच्या कार्डावर हलवावी म्हणून तो हलवण्याची फी कुठे कमी पडते ते बघत होता. सगळ्यांत कमी फी एका ऑनलाइन जाहिरातीत दिसली. त्याने नंबर दिला आणि एका बाईचा फोन आला, मराठीत. तिने आधी प्रोसेसिंग फी भरायला लावली, मग व्हेरिफिकेशनची, मग विम्याची.

मी त्याला स्टेशनवर समोर बसवलं. माझं मराठी ऐकून तो चमकला.

"खरी बँक ही फी थकबाकीतच जोडते," मी म्हणालो. "आगाऊ, खासगी खात्यात मागत नाही."

"माहीत आहे, सर. तिने दुसऱ्यांदा पैसे मागितले तेव्हाच कळलं होतं."

"मग भरत का राहिलात?"

"ती रोज संध्याकाळी फोन करायची. जेवलात का, विचारायची. एरवी आठवडाभर माझ्याशी कुणी मराठीत बोलत नाही."

तिचा नंबर द्यायला तो तयार नव्हता. बायकोला कार्डांचं काहीच सांगितलेलं नव्हतं. मी त्याला तिथूनच पुण्याला फोन लावायला सांगितला आणि बाहेर जाऊन थांबलो. तो आला तेव्हा डोळे लाल होते.

"बायको चिडली नाही," तो म्हणाला. "साहेबांना सगळं दे म्हणाली." त्याने मोबाइल माझ्या हातात ठेवला.

नंबर आणि खात्याचा माग बेडोक भागातल्या एका फ्लॅटपर्यंत गेला. तिथे तिशीतली एक बाई सापडली. नवरा सोडून गेला होता, आणि एका टोळीने तिला हे काम दिलं होतं.

"लिहून दिलेलं वाचायचे," तिने चौकशीत सांगितलं. "जेवणाचं त्यात नव्हतं. तेवढं मी माझं विचारायचे."

मी ते जबाबात नोंदवलं. तेवढ्याने गुन्हा हलका होत नव्हता.

निकालाच्या दिवशी तिच्या बाजूने कुणी आलं नाही. तो मात्र रजा काढून आला, शेवटच्या रांगेत बसला. शिक्षा सुनावल्यावर बाहेर मला म्हणाला, "ती एकटीच राहायची?"

"हो."

मान हलवून तो एमआरटी मेट्रोच्या स्टेशनकडे निघाला. पुढे त्याने थकबाकी एका खऱ्या बँकेच्या कार्डावर हलवली. तिथे फी थोडी जास्त होती. बायकोच्या मदतीने त्याने सगळी थकबाकी फेडली.

पैसा कोणत्या खात्यातून कुठे गेला, हे शोधायला आम्हाला शिकवलेलं असतं. त्या केसनंतर मी पथकाला सांगून ठेवलं, की तक्रारदाराला रकमेच्या आधी विचारा, घरी कोण कोण असतं. बरेच जण या प्रश्नावर गप्प होतात. तेव्हा घाई करायची नाही, त्यांच्यासमोर बसून राहायचं.